दहा हजारांत दोन

गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, सुरी लागली की आत हवा जाते आणि मग तो अंगभर होतो, असं सांगणारा एक तरी नातेवाईक घरोघरी असतो. सांगतो तो कळकळीनेच. त्याचं ऐकून बायॉप्सी दोन-तीन महिने पुढे ढकलली जाते, मधल्या काळात कुणी काढा सुचवतं, कुणी एखादे महाराज, आणि पेशंट कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीत पोचेपर्यंत एक सेंटीमीटरची गाठ चार सेंटीमीटरची झालेली असते.

या समजुतीवर मला १९७५ सालचा एक प्रयोग फार रामबाण वाटतो. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये बटलर आणि गुलिनो या दोघांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये स्तनाच्या कॅन्सरची गाठ अशा बेताने वाढवली की तिच्यात रक्त नेणारी धमनी एकच आणि बाहेर आणणारी शीरही एकच. मग त्या शिरेतून येणारं रक्त गोळा केलं आणि त्यातल्या कॅन्सरच्या पेशी मोजल्या. एक ग्रॅम गाठीमागे चोवीस तासांत ३२ ते ४१ लाख पेशी रक्तात उतरत होत्या. म्हणजे दर सेकंदाला ३७ ते ४७. सुई नाही, सुरी नाही, हवा तर नाहीच.

हे उंदरांचे आकडे आहेत. माणसाची प्रत्येक गाठ याच वेगाने पेशी सोडते असं नाही. सुईच्या वाटेने पेशी सांडल्याच्या नोंदीही आहेत. यकृताच्या काही गाठींमध्ये क्वचित तसं होतं. हाडाच्या सार्कोमाची बायॉप्सी पुढच्या ऑपरेशनच्या रेषेतच घेतात ती याच कारणाने. वृषणाच्या गाठीत अंडकोशाच्या कातडीतून सुई घालायचं डॉक्टर टाळतात. पण बटलर-गुलिनोंचा वेग धरला तर बायॉप्सी दोन महिने टाळण्याची किंमत ग्रॅममागे १९ कोटी पेशी अशी होते. सुईने सांडल्या तरी किती सांडणार?

आता खरा प्रश्न उलटा आहे. रोज लाखांनी पेशी रक्तात जात असतील, तर प्रत्येक पेशंटच्या अंगभर गाठी का नसतात? ऑपरेशन करून माणसं बरी होतातच कशी?

त्याआधी एक ग्रॅम म्हणजे काय ते बघून घेऊ. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं तीस वेळा झालं की १०७ कोटी पेशी होतात. ढोबळमानाने ती झाली एक सेंटीमीटरची, ग्रॅमभर वजनाची गाठ. (काही संशोधक एवढ्या गाठीत १० कोटीच पेशी धरतात, कारण गाठीचा बराच भाग कॅन्सरपेशींचा नसतोच. आपण जुनाच हिशेब चालवू.) बोटाला किंवा मॅमोग्राफीत सापडते ती साधारण याच सुमाराला. आणखी दहा वेळा दुप्पट झाली की तीच गाठ किलोभर वजनाची होते, आणि त्याच्या आसपास माणूस जगत नाही. म्हणजे चाळीस पायऱ्यांतल्या तीस आपल्या नकळत चढून झालेल्या असतात. दुप्पट व्हायला शंभर दिवस लागतात असं धरलं तर या तीस पायऱ्यांना आठ वर्षं होतात. प्रत्यक्षात हा वेग गाठीगणिक खूप बदलतो, वाटेत पेशी मरतातही, पण ‘मागच्या महिन्यात काहीच नव्हतं हो’ या वाक्याचं उत्तर या गणितात आहे. होतं, दिसत नव्हतं.

विसाव्या पायरीवर एक महत्त्वाची गोष्ट घडते. तिथे गाठ मिलिमीटरभर झालेली असते, पेशी असतात दहा लाख. याच्या पुढे आतल्या पेशींना प्राणवायू पोचत नाही. बोस्टनच्या ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे वाढायचं तर गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात, आणि त्या ती मागवून घेते. शेजारच्या वाहिन्यांना रासायनिक निरोप जातो, त्यांना फांद्या फुटतात. पण या नव्या वाहिन्या घाईत बांधलेल्या असतात: वेड्यावाकड्या, झिरपणाऱ्या, भिंतीत फटी असलेल्या. जेवण आत येतं त्याच फटींमधून पेशी बाहेर पडतात. फोकमन यांच्या कल्पनेतून निघालेलं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये बाजारात आलं तेव्हा कॅन्सरची उपासमार करता येणार म्हणून केवढा गाजावाजा झाला. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोबरोबर ते दिल्यावर मध्यम आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं. पावणेपाच महिने कमी नाहीत, पण ती उपासमारही नाही.

गाठीतून सुटायचं तर आधी शेजारणीचा हात सोडावा लागतो. आपल्या त्वचेच्या, आतड्याच्या, स्तनातल्या नळ्यांच्या अस्तरपेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने घट्ट धरून असतात. पसरणाऱ्या अनेक पेशी हे प्रथिन कमी करतात, लांबट होतात आणि सरपटू लागतात. गंमत म्हणजे गर्भात अवयव घडताना पेशी नेमकं हेच करतात. कॅन्सर इथे नवीन काही शोधत नाही, जुनंच सामान चुकीच्या वयात बाहेर काढतो.

मग रक्त. पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णाच्या रक्तात या पेशी शोधण्याची एक चाचणी आहे. त्यात साडेसात मिलिलिटर रक्त घेतात, दीड चमचा म्हणा. तेवढ्या रक्तात तांबड्या पेशी असतात सुमारे ३,७०० कोटी, म्हणजे पृथ्वीवरच्या माणसांच्या साडेचारपट. पांढऱ्या पेशीही चार ते सात कोटी. यातून कॅन्सरच्या पाच सापडल्या तरी डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. शोधायची युक्ती अशी: लोहाचे अतिसूक्ष्म कण प्रतिपिंडांना चिकटवायचे आणि रक्तात सोडायचे. ही प्रतिपिंडं अस्तरपेशींच्या अंगावरचं एक ठरावीक प्रथिनच धरतात, आणि ते प्रथिन रक्तपेशींवर नसतं. नळीला लोहचुंबक लावलं की लोह आणि त्याला चिकटलेली पेशी बाजूला येते. बाजूला आलेल्या पेशींना चमकणारे रंग लावून, ही पांढरी पेशी तर नाही ना, याची खात्री करून मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजदाद. २००४ मध्ये पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या १७७ रुग्णांवर हा अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेसात मिलिलिटरमध्ये पाच किंवा जास्त पेशी सापडल्या त्यांचं मध्यम आयुष्य १०.१ महिने, त्याहून कमी सापडल्या त्यांचं १८ महिन्यांच्या वर. ३,७०० कोटींत पाच, आणि त्यावरून एवढं कळतं! मात्र हा आकडा कमी होत नाही म्हणून केमो लगेच बदलून पाहिली, तर आयुष्य वाढलं नाही. दुसऱ्या एका मोठ्या चाचणीने हे २०१४ मध्ये दाखवलं. कळणं आणि वळणं यांत इथेही अंतर आहेच.

या पेशी दिवसभर सारख्याच रक्तात येतात असा सगळ्यांचा समज होता. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या निकोला आचेटो यांच्या गटाने स्तनाचा कॅन्सर असलेल्या ३० बायकांचं रक्त पहाटे चार वाजता आणि सकाळी दहा वाजता घेतलं. सापडलेल्या पेशींपैकी ७८.३ टक्के पहाटेच्या नमुन्यात होत्या. आपण रक्त देतो सकाळी, लॅब उघडल्यावर. आचेटो यांचंच आधीचं काम पेशींच्या पुंजक्यांवर आहे. एकट्या फिरणाऱ्या पेशींच्या मानाने पुंजके फार थोडे, शंभरात दोन ते पाच, पण उंदरांमध्ये त्यांची नवी गाठ धरण्याची ताकद २३ ते ५० पट जास्त निघाली. मग पुंजके फोडता आले तर? हृदयरोगात पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जाणारं डिगॉक्सिन हे काम करतं असं प्रयोगशाळेत दिसलं. २०२५ मध्ये नऊ रुग्णांवरचा निकाल आला: पुंजक्यांचा आकार सरासरी २.२ पेशींनी घटला. बस, एवढंच. यातून कुणी जास्त जगलं का, ते या चाचणीने विचारलंच नव्हतं. वर्तमानपत्री मथळ्यांवर विश्वास ठेवून कुणी डिगॉक्सिनच्या गोळ्या घेऊ नयेत. ते औषध चुकीच्या मात्रेत जीव घेतं.

पुढचा टप्पा केशवाहिन्यांचा. त्यांचा व्यास पाच ते दहा मायक्रॉन. कॅन्सरची पेशी दहा ते वीस मायक्रॉन. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलत असतं, आणि त्या लोंढ्यात ही पेशी पहिल्याच अरुंद गल्लीत अडकते. पेशीचा बाकीचा ऐवज पातळ असतो, तो दाबून लांबवता येतो, अडचण केंद्रकाची. ते टणक असतं. फटीतून बाहेर पडताना ते इतकं चेपलं जातं की कधी कधी त्याचं आवरण फाटतं आणि आतला डीएनए उघडा पडतो. २०१६ मध्ये दोन गटांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पाहिलं. फाटलेलं आवरण पेशी शिवून घेते, पण डीएनएला इजा झालेली असतेच. काही पेशी यात मरतात. ज्या वाचतात त्या कदाचित नवे बदल घेऊन बाहेर पडतात.

इथवर वाचून वाटेल की बहुतेक पेशी रक्तातच मरत असणार: धक्के, दाब, पांढऱ्या पेशींचा पहारा. बरीच वर्षं तसंच मानलं जात होतं. १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी किरणोत्सर्गी खूण केलेल्या पेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या तेव्हा चोवीस तासांनी हजारात एकही धड जिवंत उरली नव्हती. कॅनडातल्या लंडन शहरात (ओंटारिओमधलं लंडन, इंग्लंडचं नव्हे) ॲन चेंबर्स यांच्या गटाने १९९८ मध्ये याचा सनदी लेखापालासारखा हिशेब मांडला. उंदराच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या, सोबत प्लास्टिकचे बारीक मणी. मणी मरत नाहीत आणि अडकले तिथेच राहतात, त्यामुळे यकृताच्या कुठल्याही तुकड्यात मण्यांच्या तुलनेत पेशी किती उरल्या हे मोजलं की किती मेल्या ते कळतं.

समजा दहा हजार पेशी सोडल्या. तीन दिवसांनी त्यातल्या आठ हजारांवर पेशी जिवंत होत्या आणि वाहिनीच्या भिंतीतून पार होऊन यकृतात शिरल्या होत्या. म्हणजे ज्याला आपण अवघड घाट समजत होतो तो या पेशींनी सहज ओलांडला! घात झाला तो मुक्कामाला पोचल्यावर. त्यांतल्या चाळिसात एकीनेच छोटी वसाहत केली, म्हणजे दोनशेच्या आसपास. त्यातल्याही शंभरात एकच वसाहत पुढे डोळ्यांना दिसणारी गाठ झाली. बाकीच्या विरून गेल्या. दहा हजारांत दोन. आंब्याचा मोहर बघून कोकणातला बागायतदार हरखून जात नाही, त्याला माहीत असतं यातलं फळाला किती येणार. कॅन्सरचं तसंच आहे, फक्त त्याला मोहर रोज येतो.

या हिशेबातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा मात्र तिसराच आहे. तेराव्या दिवशी सोडलेल्या पेशींपैकी ३६ टक्के यकृतात एकेकट्या पडून होत्या. त्यातल्या बहुतेक सगळ्या ना वाढत होत्या, ना मरत होत्या. नुसत्या होत्या. दहा हजारांतल्या छत्तीसशे.

या झोपलेल्या पेशी माणसात किती काळ टिकतात? स्कॉटलंडमधली एक नोंद आहे. मेलानोमाचं ऑपरेशन होऊन १६ वर्षं लोटलेली, पूर्ण बरी समजली गेलेली एक व्यक्ती. तिच्या मृत्यूनंतर दोन्ही मूत्रपिंडं दोन रुग्णांना बसवली. दोघांनाही मेलानोमा झाला, आणि तो दात्याचाच होता. सोळा वर्षं दात्याच्या प्रतिकारशक्तीने ज्या पेशी दाबून धरल्या होत्या, त्यांना असं शरीर मिळालं जिथे नवा अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम झोपवलेली होती.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये याचा मोठा हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला: ८८ चाचण्यांतल्या ६२,९२३ बायका, सगळ्यांचा कॅन्सर इस्ट्रोजेनवर वाढणारा, सगळ्यांनी पाच वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेतलेल्या, पाच वर्षांनंतर सगळ्या ठणठणीत. पुढच्या पंधरा वर्षांत दुसऱ्या अवयवात कॅन्सर निघण्याचं प्रमाण सगळ्यात छोट्या, काखेत न गेलेल्या गाठींतही १३ टक्के होतं. गाठ मोठी आणि काखेतल्या चार ते नऊ लसिकाग्रंथींत गेलेली असेल तर ४१ टक्के. ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हे या जातीच्या कॅन्सरला लागू नाही. केमो विभागणाऱ्या पेशींना मारते आणि या पेशी विभागतच नाहीत. म्हणून टॅमॉक्सिफेनसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवून त्यांना जागंच होऊ द्यायचं नाही, हा उपाय. पाचऐवजी दहा वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर काय, हे ॲटलस नावाच्या चाचणीने २०१३ मध्ये सांगितलं: पाचव्या ते चौदाव्या वर्षात स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू १५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर आले. बरं वाटतंय म्हणून मध्येच गोळी सोडणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि गोळीचा त्रास खरा असतो हेही मान्य. पण हे तीन टक्के त्यांना कुणी तरी नीट समजावून सांगायला हवेत.

मोहर कुठे धरतो हेही योगायोगाचं नसतं. १८८९ मध्ये लंडनमध्ये (या वेळी इंग्लंडच्या) शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने मेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी काढल्या. यकृतात कॅन्सर २४१ जणींच्या, प्लीहेत फक्त १७. रक्त दोन्हीकडे भरपूर जातं. नुसत्या प्रवाहाने पेशी वाहून नेल्या असत्या तर एवढा फरक पडला नसता, म्हणून त्यांनी बी आणि जमीन ही कल्पना मांडली. आज त्या जमिनीचं रसायन बरंच कळलं आहे. हाडात गेलेल्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना चिथावतात. हाड विरघळलं की त्यात साठवलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात. ती कॅन्सरपेशींना पोसतात. त्या आणखी चिथावतात. मग कॅन्सरला हात न लावता जमीनच कडक करता येईल का? ठिसूळ हाडांसाठी दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट औषधं १८,७६६ बायकांच्या एकत्रित अभ्यासात तपासली गेली. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हाडात कॅन्सर परतण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी आणि स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू १८ टक्क्यांनी घटले. ही औषधं जुनी आहेत. आपल्याकडे ती सगळ्या पात्र बायकांना मिळतात का, हा वेगळा लेख होईल.

एक प्रश्न हॉस्पिटलच्या बाकड्यावर हमखास ऐकू येतो: गाठ तर काढली, पेट स्कॅन क्लिअर आहे, मग केमो कशाला? कारण पेट स्कॅनला काही मिलिमीटरच्या खालचं नीट दिसत नाही, आणि पाच मिलिमीटरच्या ठिपक्यात कोट्यवधी पेशी मावतात. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात हॉवर्ड स्किपर यांनी १९६०च्या दशकात उंदरांच्या ल्युकेमियावर दाखवलं की औषधाचा एक डोस ठरावीक संख्या मारत नाही, ठरावीक हिस्सा मारतो. हजारातल्या ९९९ मेल्या असं धरा. १०० कोटींच्या १० लाख होतात, गाठ ‘गायब’ होते, घरचे पेढे वाटतात. दुसऱ्या डोसने १० लाखांच्या हजार. तिसऱ्याने एक. आणि ती एकच पेशी पुरते. स्किपर यांच्या उंदरांना मारायला एक पेशी पुरली होती. मिलानमध्ये जानी बोनादोना यांनी काखेत कॅन्सर पोचलेल्या बायकांना ऑपरेशननंतर, स्कॅनमध्ये काहीही दिसत नसताना, तीन औषधांची केमो दिली. १९७६ मध्ये निकाल आला: २७ महिन्यांत केमो न घेतलेल्या १७९ जणींपैकी २४ टक्क्यांना कॅन्सर परतला, घेतलेल्या २०७ जणींपैकी ५.३ टक्क्यांना.

तीन औषधं एकदम का, याचंही गणित आहे. एखाद्या औषधाला दाद न देण्याचा गुण दहा लाखांत एका पेशीत आपोआप येत असेल, तर १०० कोटींच्या गाठीत अशा हजार पेशी पहिला थेंब शिरेत जाण्याआधीच हजर असतात. दोन वेगळ्या औषधांना एकदम चकवणारी मात्र लाख कोटींत एक. एकेक औषध देत बसलं की एकेक बंडखोर निवडून काढला जातो.

कॅन्सरने होणारे ९० टक्के मृत्यू पसरण्यामुळे होतात, हा आकडा जिथे तिथे वाचायला मिळतो. तो कुठून आला हे कुणी धड सांगत नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्यांच्या देशाच्या नोंदवहीतून तपासलं, तर गाठ होणाऱ्या कॅन्सरांसाठी तो ६६.७ टक्के निघाला. बाकीच्यांतले काही मूळ गाठीनेच जातात. आपल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ते डोळ्यांदेखत दिसतं: तंबाखू मळून गालात धरणाऱ्याची गाठ फुप्फुसात जायच्या आधी त्याचं गिळणं, श्वास घेणं बंद पाडते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते सांगायला नको.

तोंडाचा कॅन्सर आधी लसिकावाहिन्यांतून मानेतल्या लसिकाग्रंथींत जातो. मानेत हाताला काही लागत नसेल तर मान उघडायची की थांबायचं, यावर सर्जनांमध्ये दशकानुदशकं वाद होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तो मिटवला. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचा निकाल आला: सुरुवातीलाच मानेतल्या ग्रंथी काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत, थांबून मग काढल्या त्यांच्यातले ६७.५ टक्के. आठ जणांची मान उघडली की एक जीव वाचतो. त्याच वर्षी, त्याच हॉस्पिटलमधून, डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाचा उलटा निकाल आला. स्तनाचा कॅन्सर दुसऱ्या अवयवांत गेलेला आहे, तर मूळ गाठ काढून फायदा होतो का? ३५० बायका. काढली त्यांचं मध्यम आयुष्य १९.२ महिने, नाही काढली त्यांचं २०.५. जितकं जास्त कापू तितकं बरं, हा सर्जरीचा जुना विश्वास अमेरिकेत आधीच ढासळला होता. १९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत १,६६५ बायकांमध्ये स्नायूंसकट सगळं काढणारं हॅलस्टेडचं ऑपरेशन आणि कमी कापणारं ऑपरेशन यांत पंचवीस वर्षांनीही आयुष्याचा फरक निघाला नाही. ज्या पेशी जायच्या त्या आधीच गेलेल्या होत्या.

पसरला म्हणजे संपलंच, असंही नाही. वृषणाचा कॅन्सर फुप्फुसात पोचला तरी आज दहातले आठ बरे होतात, कारण १९७४ मध्ये इंडियानाच्या लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन वापरून पाहिलं. पसरलेला मेलानोमा पूर्वी वर्षाच्या आत नेत असे. प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडणारी दोन औषधं एकत्र घेतलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनी हयात होते. त्या औषधांची किंमत ऐकून मात्र आपल्याकडच्या बहुतेक घरांत बोलणं तिथेच थांबतं.

म्हणून बडवे यांची २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला या सगळ्या आकड्यांत वेगळी वाटते. सुरीमुळे पसरतं ही भीती त्यांनी हसण्यावारी नेली नाही. कापताना गाठ हलते, दाबली जाते, पेशी चाळवतात, हे खरं असेल तर त्या काही मिनिटांत काही करता येईल का? औषध निवडलं लिग्नोकेन, दात काढताना हिरडीत देतात ते. नसांतली सोडियमची दारं ते बंद करतं, म्हणून जागा बधिर होते. तशीच दारं कॅन्सरच्या पेशींवरही असतात आणि त्यांच्या सरपटण्याशी त्यांचा संबंध आहे असं प्रयोगशाळेत दिसलेलं. भूल दिलेली, कातडी अजून कापलेली नाही. ०.५ टक्क्यांचं लिग्नोकेन गाठीच्या वर, खाली आणि चारही बाजूंना टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं, मग सुरी. भारतातल्या अकरा केंद्रांत, ज्यांचं आधी केमो न देता थेट ऑपरेशन होणार होतं अशा १,५८३ बायकांचे निकाल तपासले गेले. पाच वर्षांनी जिवंत: इंजेक्शनशिवाय ८६.४ टक्के, इंजेक्शन घेतलेल्या ९०.१ टक्के. कॅन्सर न परतता जिवंत: ८२.६ विरुद्ध ८६.६.

शंका घेण्यासारख्या जागा आहेत. दुसऱ्या गटाला खोटं, नुसत्या सलाइनचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं. कोण कुठल्या गटात हे सर्जनला ठाऊक होतं. फायदा लिग्नोकेनचा की गाठीभोवती पाणी भरून ती सुटी झाल्याचा, हे यातून सिद्ध होत नाही. उत्तर सापडायला सलाइन विरुद्ध लिग्नोकेन अशी दुसरी चाचणी लागेल, आणि लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं औषध असल्याने कुठलीही कंपनी तिच्यासाठी खिशात हात घालणार नाही. २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या नव्या रुग्णांचा अंदाज होता १ लाख ९२ हजार. त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याचंच थेट ऑपरेशन होतं असं धरलं तरी ६४ हजार, आणि त्यांचे ३.७ टक्के म्हणजे वर्षाला तेवीसशेच्या वर बायका. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, पण सरकारी पैशाने ती दुसरी चाचणी उभी करायला तेवढा पुरेसा व्हावा.